किन्हीराजात छातीचा फोटो

रुग्णालयात मी चालवतो ते फिरतं एक्स-रे मशीन चाकांवरचं. वॉर्डात ढकलत न्यायचं, पेशंटच्या पाठीखाली कॅसेट सरकवायची. क्षयरोग मोहिमेत हाती आलेलं मशीन मात्र मोठ्या कॅमेऱ्याएवढं, बॅटरीवरचं. मालेगाव तालुक्यातल्या किन्हीराजात ते स्टँडवर चढवलं, समोर डिटेक्टर टांगला, की काही सेकंदांत फोटो लॅपटॉपवर.

रुग्णालयातल्या खोलीला शिशाचा पत्रा लावलेलं दार असतं. इथे दोरी बांधली. अंतर दुप्पट झालं की किरणांची मात्रा चौथाईवर येते, म्हणून बघ्या पोरांना दोरीपलीकडे ठेवण्याकडे माझं सारखं लक्ष.

"मले खोकला बी नाही, मंग फोटो कायले काढता, भाऊ?" एका मावशींनी विचारलं. प्रश्न रास्त होता. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात दिसलं, की छातीचा फोटो काढला नसता तर ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते. नुसती लक्षणं विचारून ते सापडलेच नसते. मी म्हटलं, "मावशी, खोकला लागायच्या आधीच कळलेलं बरं."

पोत काढायला त्यांचा जीव धजेना. शेवटी वर ओढून दातांत धरली. वेणी मात्र मी डोक्यावर बांधायला लावतोच. तेल लावलेली घट्ट वेणी खांद्यावर आली, तर फुप्फुसाच्या वरच्या टोकाला डाग असल्यासारखी दिसते, आणि क्षय बहुधा तिथेच घर करतो. हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास ओढा, धरा! मावशींचा फोटो स्वच्छ आला.

डाग दिसला म्हणून क्षय ठरत नाही, थुंकी तपासावीच लागते. ठरलाच, तर सरकारी दवाखान्यात औषध फुकट, आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये.

मला लागून राहिलं ते वेगळंच. शिबिराची वेळ अकराची, आणि राबणारी माणसं हरभरा सोंगायला शेतात. आली ती बहुतेक म्हातारी. मशीनला भिंतीतली वीज लागत नाही, वेगळी खोली लागत नाही, मग दवाखान्याची वेळ तरी कशाला? पथक येणार असं कळलं की ग्रामपंचायतींनी सकाळी सातची वेळ मागून घ्यावी, आशाताईंनी आदल्या रात्री घरोघर सांगावं. एका माणसाला दोन-चार मिनिटं पुरतात, रोज बुडत नाही.