साधी सुपारी

मराठीत तोंड येते, पित्त खवळते, छातीत जळजळते, करपट ढेकर येतात. ओठांपासून जठरापर्यंतच्या प्रत्येक कुरबुरीला घरगुती नाव देणाऱ्या या भाषेत, सुपारीने आखडत जाणाऱ्या तोंडासाठी रुळलेला शब्द आमच्या तरी कानी आलेला नाही. वैद्यकातले नाव आहे: सबम्यूकस फायब्रोसिस. आधी तिखट झोंबते, मग गालाच्या आतले अस्तर पांढुरके व ताठर होते, तोंड पुरते उघडेनासे होते. पुढे काहींना कर्करोगही होतो.

शब्द नाही, कारण संशयच नाही. नौपाड्यातल्या आमच्या घरांत सुपारीला व्यसन म्हणण्याची रीत नाही. पूजेत गणपती म्हणून मांडतो ती हीच, लग्न ठरताना फोडतो ती हीच. तंबाखू वाईट, सुपारी सोज्वळ! जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखूवाचूनच्या सुपारीलाही कर्ककारक ठरवले. त्याच वर्षी तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या शरद पवारांनी पुढे सुपारीच्या सवयीबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली.

आमच्या वर्गातला एक विद्यार्थी कवितावाचनात प्रत्येक 'आ' दाबून उच्चारी. मित्र त्याला लाजाळू म्हणत. 'आ' हा विवृत स्वर, तोंड मोकळे उघडल्याखेरीज तो उमटत नाही, हे शिकवताना आम्ही ओघात सांगितले की निरोगी तोंडात आपलीच तीन बोटे उभी मावतात. त्याने तिथेच करून पाहिले. दोनच गेली. मग खिशातली पुडी बाकावर ठेवत तो म्हणाला, "पण ही तर साधीच आहे, मॅडम."