भांडणही दस्तुरीलाच ठेवा!

गाडीत भांडणं किती सोयीचं असतं, नाही? एफएम मोठा करायचा, दोघांनीही समोर बघत बोलायचं आणि मागच्या सीटवरच्या पिल्लाला काही कळत नाही असं धरून चालायचं. ठाण्याहून निघालेले आम्ही घाट चढेपर्यंत हेच करत होतो. विषय नेहमीचा : लेकीला जेवताना मोबाइल कोण देतं?

पण माथेरानला खासगी गाड्यांना बंदी. दस्तुरी नाक्यावर गाडी लावायची आणि पुढे बाजारापर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर चालत, घोड्यावर, नाहीतर अमन लॉजहून शटलने. (नेरळहून वर येणारी १९०७ पासूनची मिनी ट्रेन पावसाळ्यात बंद असते, तेव्हाही ही शटल बहुधा चालू असते.)

लेक ओरडली, ‘‘घोडा!’’ नवरा म्हणाला, ‘‘चल.’’ मी म्हटलं, ‘‘अजिबात नाही, पडेल.’’ पाच वर्षांच्या त्या बाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे आणि विचारलं, ‘‘आज कोण जिंकणार?’’

दोघंही गप्प. चालतच निघालो. लाल मातीत पांढरे शूज केव्हाच गेले (तुम्ही आणू नका), माकडाने वेफर्स पळवले आणि लेक पुढे पळाल्यावर आमचं हळू आवाजात ठरलं. तिने ज्याला आधी विचारलं त्याचं उत्तर फायनल. दुसऱ्याला पटलं नाही तर ती झोपल्यावर बोलायचं.

ऐकायला सोपं! संध्याकाळी बाजारात तिने बाबाकडे चिक्की मागितली. तो म्हणाला, जेवणानंतर. ती लगेच माझ्याकडे वळली. माझा हात पर्समध्ये गेलासुद्धा होता. तोंडून कसंबसं निघालं, ‘‘बाबाने सांगितलंय ना?’’ ती रडली, मला अपराधी वाटलं आणि रात्री मी त्याला चांगलं सुनावलंही. पण हॉटेलच्या व्हरांड्यात, खालच्या पट्टीत. तिथली शांतता अशी की, जरा आवाज चढला तरी शेजारच्या खोलीतले खोकतात.

दुसऱ्या दिवशी शार्लोट लेक आणि इको पॉइंट झालं. परतताना पुन्हा तोच प्रश्न, ‘‘घोडा?’’

‘‘दोन मिनिटं थांब, बोलून सांगतो,’’ नवरा म्हणाला. ती चक्क कट्ट्यावर बसून राहिली. माझी अट एकच, घोडा पळवायचा नाही. घोडेवाल्याने लगाम धरला, नवरा तिचा हात धरून शेजारी चालला आणि दोन्ही सॅक घेऊन मी मागे. दस्तुरीपर्यंत मला नुसती घोड्याची शेपूट दिसत होती.