इंग्रजी वाक्प्रचार आणि आपले वाक्प्रचार

मी चौथीत शिकते. आपल्या शाळेत पहिलीपासून इंग्रजी आहे. महाराष्ट्रात हे २००० सालापासून सुरू झाले. आमचे आबा शाळेत होते तेव्हा इंग्रजी पाचवीला यायचे. इंग्रजीची एक गंमत आहे. कधी कधी सगळे शब्द येत असतात, तरी वाक्याचा अर्थ लागत नाही. कारण तो वाक्प्रचार असतो. बाईंनी आम्हाला असे काही वाक्प्रचार सांगितले. ते मी येथे लिहीत आहे.

'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज.' शब्दाला शब्द लावला तर आभाळातून मांजरे आणि कुत्री पडतात असे होते. वर्गात सगळे खो खो हसले. खरा अर्थ फार जोराचा पाऊस पडणे. आपण त्याला मुसळधार म्हणतो. मुसळ म्हणजे उखळात कांडायचे जाड लाकूड. तेवढी जाड पावसाची धार! हे ऐकून इंग्रज लोक पण हसतील.

'अ पीस ऑफ केक' म्हणजे केकचा तुकडा नव्हे, तर अगदी सोपे काम. आपण म्हणतो, हा तर माझ्या हातचा मळ. 'वन्स इन अ ब्लू मून' म्हणजे निळा चंद्र दिसेल तेव्हा, म्हणजे फार क्वचित. आमची आज्जी त्याला सटीसामाशी म्हणते. एका दगडात दोन पक्षी मारणे मात्र दोन्ही भाषांत सारखेच आहे.

नवख्या माणसाला इंग्रजीत 'वेट बिहाइंड द इअर्स' म्हणतात. म्हणजे कानामागे अजून ओला, नुकत्याच जन्मलेल्या वासरासारखा. आज्जी म्हणते, "अजून व्हटावरचं दूध वाळलं न्हाई." आणि आपण कच्चे मडकेही म्हणतो. तेरच्या संत गोरोबाकाकांची गोष्ट सर्वांना माहीत आहे. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्यांनी थापटण्याने सगळ्या संतांची डोकी थापटून पाहिली आणि नामदेवांचे मडके कच्चे आहे असे सांगितले. मग नामदेवांनी विसोबा खेचरांना गुरू केले. तेर आपल्याच जिल्ह्यात आहे, म्हणून मला ही गोष्ट फार आवडते.

पुस्तकात वाक्प्रचाराचा अर्थ एका ओळीत असतो. पण घरी तो वेगळाच कळतो. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. परंडा, भूम भागात मोठे पूर आले. आमच्या रानातही पाणी साचले. काढायला आलेले सोयाबीन नासून गेले. तेव्हा बाबा बांधावर उभे राहून म्हणाले, "हातातोंडाशी आलेला घास गेला." त्या दिवशी मला त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही.

आणखी एक वाक्प्रचार आहे, 'पायाखालची जमीन सरकणे.' पुस्तकात अर्थ दिला आहे, मोठा धक्का बसणे. इंग्रजीत 'पायाखालची सतरंजी ओढणे' असा वाक्प्रचार आहे. त्याचा अर्थ अचानक आधार काढून घेणे. मी अभ्यास करताना हे मोठ्याने वाचत होते. आज्जी ज्वारी पाखडत होती. तिचे हात थांबले. आज्जीचे माहेर सास्तूरकडे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिकडे मोठा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. लोक गणपती बोळवून घरी येऊन झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती झोपेतच त्यांच्या अंगावर पडल्या. आपल्या आणि लातूर जिल्ह्यात मिळून हजारो माणसे गेली. आज्जीचा धाकटा भाऊ त्यातच गेला. आज्जी मला म्हणाली, "लेकरा, ही नुसती बोलायची गोष्ट न्हाई. जमीन खरंच सरकली हुती." मग ती पुन्हा पाखडू लागली. आमची आज्जी बोलताना शंभर म्हणी वापरते, पण ही एक कधीच वापरत नाही.

म्हणून मला वाटते, वाक्प्रचार पाठ करावेत, परीक्षेत मार्क मिळतात. पण घरातल्या मोठ्या माणसांनाही त्यांचा अर्थ विचारावा. आपल्या भित्तिपत्रकात खालच्या कोपऱ्यात जागा ठेवली आहे. आलेल्या पालकांनी आपल्या घरातला एखादा वाक्प्रचार आम्हाला जरूर सांगावा. आम्ही तो सुवाच्य अक्षरात लिहू.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी