ससा सोलताना

रानातला ससा नीट शिजवून खाल्ला आणि माणूस आजारी पडला, असं सहसा घडत नाही. ससा सोलला आणि माणूस आजारी पडला, असं मात्र गेली शंभर वर्षं घडत आलं आहे. शिकारी, खाटीक, शिकाऱ्याच्या घरच्या बायका, अगदी प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञसुद्धा यातून सुटले नाहीत. ज्याने फक्त ताटातलं खाल्लं, तो बहुतेक वेळा ठणठणीत राहिला. सशाच्या बाबतीत धोका जिभेला कमी आणि हाताला जास्त. मला जे सांगायचं आहे ते एवढंच, पण त्याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत.

मी पशुवैद्य. शिकलो परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात आणि नोकरी करतो अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, पशुरोगनिदानाच्या प्रयोगशाळेत. मेलेलं जनावर उघडायचं आणि ते कशाने गेलं ते सांगायचं, हे माझं काम. इथे ऑक्टोबरच्या सुरुवातीला सशांच्या शिकारीचा हंगाम उघडतो आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतो, म्हणजे दिवाळी ऐन हंगामात येते. त्या सुमारास इथल्या मराठी पोरांचे फोन ठरलेले: “काका, ऑफिसातल्या मित्रानं दोन ससे दिलेत, अजून सोललेले नाहीत. काय करू?”

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हा लेख जिथे शिकार कायदेशीर आहे तिथल्यासाठी आहे. आपल्या माळरानावरच्या सशाला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्याला मारणं हा गुन्हा आहे. मी बोलतोय ते इथल्या कॉटनटेल सशाबद्दल. जेमतेम सव्वा-दीड किलोचा हा प्राणी बांधाच्या झुडपांत राहतो, भराभर वितो आणि परवाना काढून त्याची शिकार करता येते.

या सशाच्या अंगात जो रोग असू शकतो त्याचं नाव ट्युलरेमिया. शिकारी त्याला सरळ ‘रॅबिट फीव्हर’ म्हणतात. १९११ साली कॅलिफोर्नियातल्या ट्युलेरी परगण्यात जॉर्ज मॅकॉय हे प्लेगच्या मागावर खारींची तपासणी करत होते. त्यांना प्लेगसारखा दिसणारा पण प्लेग नसलेला रोग सापडला. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि चेपिन यांनी त्याचा जिवाणू वेगळा केला. एडवर्ड फ्रान्सिस या डॉक्टरांनी युटाहमधल्या माणसांचा एक ताप हाच रोग असल्याचं दाखवलं आणि त्याला आजचं नाव दिलं. या कामात त्यांना स्वतःलाही तो झाला. जिवाणूच्या नावात आज त्या परगण्याबरोबर त्यांचंही नाव आहे: फ्रान्सिसेला ट्युलारेन्सिस.

जपानमध्ये त्याच सुमाराला फुकुशिमातले डॉक्टर हाचिरो ओहारा यांना ससे हाताळणाऱ्या गावकऱ्यांमध्ये असाच ताप दिसत होता. सशातूनच तो येतो हे सिद्ध करायचं होतं. १९२५ साली त्यांच्या पत्नी रिकी यांनी स्वतःचा हात पुढे केला. रोगाने मेलेल्या सशाचं काळीज त्यांच्या हाताच्या पाठीवर चोळलं गेलं. काही दिवसांत ताप आला, काखेत गाठ आली. त्या बऱ्या झाल्या आणि मुद्दा सिद्ध झाला. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही. पण त्यातून जे दिसलं ते प्रत्येक शिकाऱ्याने लक्षात ठेवावं: त्यांनी ससा खाल्ला नव्हता, फक्त त्वचेला लावला होता.

हाताला एवढं भ्यायचं कारण या जिवाणूच्या ताकदीत आहे. पोटातून आजारी पाडायला बहुतेक जंतू मोठ्या संख्येने लागतात. हा जंतू त्वचेतून किंवा श्वासातून आत गेला तर दहा ते पन्नास पुरतात. नखाच्या कडेचा, डोळ्यांना न दिसणारा ओरखडा त्याला पुरेसा असतो. सोलताना तोच हात डोळ्याला लागला तर रोग डोळ्यातून शिरतो. आमच्या प्रयोगशाळेत संशयित ससा आला की तो साध्या टेबलावर उघडत नाहीत. त्यासाठी वेगळी बंदिस्त व्यवस्था असते. शिकारी मात्र तोच ससा ट्रकच्या मागच्या फळीवर उघड्या हातांनी, अधूनमधून सिगारेट ओढत सोलतो.

१९३९ साली अमेरिकेत या रोगाचे २,२९१ रुग्ण नोंदले गेले. तो आजवरचा उच्चांक. तेव्हा ससे बाजारात विकायला यायचे, मंदीच्या काळात स्वस्त मांस म्हणून घरोघरी शिजायचे आणि सोलण्याचं काम बहुधा घरच्या बाईकडे असायचं. आता वर्षाला सरासरी दोनशेच्या आसपास रुग्ण सापडतात आणि त्यातले निम्मे आर्कान्सा, कॅन्सस, मिसुरी आणि ओक्लाहोमा या चार राज्यांतले. उन्हाळ्यात तो मुख्यतः गोचिडांमुळे होतो, हिवाळ्यात सशांमुळे.

शिकाऱ्यांचे यावर आपापले तोडगे आहेत. सगळे खोटे नाहीत, पण एकावरही पूर्ण भिस्त ठेवण्यासारखी नाही.

पहिला तोडगा थंडीचा. चांगली कडक हिमदव पडल्याशिवाय ससा मारू नये, असं इथला प्रत्येक म्हातारा सांगतो. यात तथ्य आहे. थंडीत गोचिडी कमी होतात आणि आजारी ससे तोवर मरून गेलेले असतात. शिवाय उन्हाळ्यात सशाच्या कातडीखाली बॉटफ्लाय नावाच्या माशीच्या जाड अळ्या असतात, त्याही दव पडल्यावर दिसेनाशा होतात. पण दवाने रोग संपत नाही. जुन्या काळातल्या सशाच्या तापाची लाट नेमकी नोव्हेंबर ते जानेवारीत यायची, कारण शिकारच तेव्हा व्हायची.

दुसरा तोडगा फ्रीजरचा: महिनाभर गोठवलं की जंतू मरतात. हे साफ चूक आहे. गोठवलेल्या सशाच्या मांसात हा जिवाणू तीन वर्षांहून अधिक काळ जिवंत राहिल्याची नोंद आहे. फ्रीजरमधून काढलेला ससा ताज्या सशाइतक्याच सावधपणे हाताळावा. तिसरा तोडगा मिठाच्या पाण्याचा. रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवल्याने रक्त निघतं, उग्र वास कमी होतो, मांस जरा मऊ पडतं. रसोईच्या दृष्टीने हे उत्तम, पण जंतूंवरचा उपाय म्हणून त्याला किंमत नाही. मिसुरी नदीकाठच्या जर्मन घरांत ससा व्हिनेगरमध्ये मुरवतात, त्यालाही हेच लागू.

मग करायचं काय? सुरुवात बंदूक उचलण्याआधी होते. जो ससा पळत नाही, सुस्त बसून राहतो, कुत्र्याला पाहूनही जागचा हलत नाही, तो सोडून द्यावा. निरोगी ससा माणसाला इतक्या सहज सापडत नाही. मेलेला सापडला तर हात लावू नये, कुत्र्यालाही लावू देऊ नये. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गच्या लोकांना हा नियम वेगळा सांगायला नको. २०१६पासून माकडतापाच्या साथीत त्यांना मेलेल्या माकडापासून लांब राहायला शिकावं लागलं आहे. रोग वेगळा, पण मेलेलं जनावर आणि गोचीड ही जोडी तिथेही तीच.

शिकार झाल्यावर ससा लवकर उघडावा. शिकारीच्या पिशवीत चार-सहा ससे एकावर एक कोंबले की अंगातली ऊब अडकते, आतडी फुगतात आणि मांसाला वास धरतो. उघडताना हातात रबरी किंवा नायट्राइलचे हातमोजे हवेतच. हाताला जखम असेल तर दोन थर. चष्मा असेल तर उत्तम. काम संपेपर्यंत खाणं नाही, पिणं नाही, सिगारेट नाही, डोळे चोळणं नाही.

कॉटनटेलची कातडी अतिशय पातळ असते. पाठीच्या मधोमध आडवी चीर द्यायची आणि दोन्ही बाजूंना ओढायचं, की ती सहज निघते. सुरीचं काम जितकं कमी, तितका बोट कापण्याचा धोका कमी. पोट उघडताना सुरीचं टोक वर ठेवावं. आतडं किंवा लघवीची पिशवी फुटली तर मांस नासतं. ती फुटलीच तर तेवढा भाग कापून टाकावा.

पोट उघडलं की थांबावं आणि कलेजी पाहावी. हे पाऊल कुणीही वगळू नये. निरोगी सशाची कलेजी गडद तांबडी, गुळगुळीत, एकसारखी असते. तिच्यावर किंवा पाणथरीवर खसखशीसारखे पांढरे ठिपके दिसले, पाणथरी सुजलेली असली, तर तो ससा खायचा नाही. ठिपके ट्युलरेमियाचेच असतील असं नाही. सशांच्या कॉक्सिडिया नावाच्या परजीवीमुळेही कलेजीवर पांढरट डाग पडतात आणि तो परजीवी माणसाला काही करत नाही. पण नुसत्या डोळ्यांनी हा फरक खात्रीने मलाही सांगता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा लागते. तेव्हा तर्क लढवू नये. ससा दोन पिशव्यांत बांधून राज्याच्या वनसंवर्धन खात्याला कळवावं.

याची दुसरी बाजूही आहे. कलेजी स्वच्छ दिसली म्हणजे ससा निर्धोक, असं नाही. रोग नुकताच लागला असेल तर ठिपके उमटायला वेळच मिळालेला नसतो. म्हणून कलेजी पाहून हातमोजे काढणारा शिकारी अर्धवट शहाणा.

काही गोष्टी दिसतात भयंकर, पण असतात निरुपद्रवी. पोटात आतड्यांभोवती पारदर्शक, वाटाण्याएवढ्या पाणफुगड्या आढळतात. त्या कुत्र्यातल्या एका पट्टकृमीची बाल्यावस्था असतात. माणसाला त्यांच्यापासून काही होत नाही. त्या काढून टाकल्या की मांस खाण्याजोगं. मात्र ती आतडी कुत्र्याला घातली तर त्याच्या पोटात कृमी वाढतो. कातडीखाली बॉटफ्लायची अळी निघाली तर तिच्याभोवतीचं मांस कापावं. अलीकडे जंगली सशांमध्ये रक्तस्रावी रोगाची साथ आली आहे. सशांना ती मारते, माणसाला ती लागत नाही.

छर्ऱ्यांकडे मात्र बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. सशासाठी अजूनही बरेच जण शिशाचे छर्रे वापरतात. छर्रा आत जाताना केस आणि घाण सोबत नेतो आणि शिशाचे बारीक कण मांसात राहतात. जिथे मांस काळंनिळं दिसतं तिथे बोटाने चाचपावं, छर्रा काढावा आणि भोवतालचं मांस सढळपणे कापून टाकावं. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर शिशाचा वापर टाळणंच बरं.

सोललेला ससा स्वच्छ पाण्याने धुऊन ताबडतोब चार अंशांच्या खाली ठेवावा. सुरी, पाट, ओटा साबणाने धुवावा आणि मग एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी लावून दहा मिनिटं तसाच राहू द्यावा. हातमोजे उलटे करून काढावेत, टाकावेत आणि तरीही हात धुवावेत.

एवढं केलं की शिजवणं सोपं आहे. या जिवाणूला उष्णता सोसत नाही. मांसाच्या सर्वांत जाड भागाचं, म्हणजे मांडीच्या आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअसला पोचलं की चिंता मिटली. थर्मामीटर असला तर तो वापरावा. हाडाजवळ गुलाबी ठेवायची फॅशन बदकाला चालते, रानातल्या सशाला नाही.

चवीच्या दृष्टीनेही आपली पद्धत सशाला मानवते. या मांसात चरबी जवळजवळ नसते. इतकी नसते की उत्तर ध्रुवाकडच्या प्रवाशांमध्ये नुसत्या सशांवर जगणारी माणसं पोट भरूनही खंगत जातात, असं विल्यालमुर स्टेफानसन यांनी लिहून ठेवलं आहे. मोठ्या आचेवर हे मांस कडक होतं. कांदा-खोबऱ्याचं वाटण, सढळ तेल आणि मंद आचेवर झाकण ठेवून दीड-दोन तास, हा हिशेब चुकत नाही. कान सहज फाटला तर ससा कोवळा, त्याला कमी वेळ लागतो. मांस हाडापासून सुटू लागलं की सुरक्षितपणाही साधला आणि चवही.

शेवटी, ही सगळी काळजी घेऊनही एक शक्यता उरते. ससा हाताळल्यानंतर तीन ते पाच दिवसांत, क्वचित दोन आठवड्यांपर्यंत, थंडी वाजून ताप आला, बोटावर न भरणारा व्रण उठला आणि काखेत अवधाण आलं, तर घरी अंगावर काढू नका. या रोगावर पेनिसिलिन चालत नाही. जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन यांसारखी औषधं चालतात आणि ती वेळेवर मिळाली तर रुग्ण बहुधा पूर्ण बरा होतो. पण हा रोग इतका विरळा आहे की शहरातल्या डॉक्टरला तो आपणहून आठवेलच असं नाही. म्हणून दवाखान्यात गेल्यावर तापाच्या आधी हे सांगा: “डॉक्टर, मी गेल्या आठवड्यात ससा सोलला होता.”