वांग्याची रोपं

परसात भाजी लावण्यात आनंद कसला, असं कुणी विचारलं तर मी आधी शिराळ्याच्या फुलांबद्दल सांगते. घोसाळ्याची फुलं सकाळी उमलतात, शिराळ्याची दुपार कलल्यावर. दोन्ही वेल एका मांडवावर चढवले तर सकाळीही मांडव पिवळा आणि दिवेलागणीलाही. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढं शिराळं आधीच असतं, त्याच्यावर धारांच्या रेघाही दिसतात. पावसाची झड लागली आणि माशा-भुंगे फिरकले नाहीत, तर नर फूल खुडून त्याचा पराग मादी फुलाला हातानं लावायचा. लागलं तर दोन-तीन दिवसांत ते पेर लांबायला लागतं, नाही तर पिवळं पडून गळतं. लागलेलं शिराळं रोज जाऊन बघण्याचं सुख मला साठी उलटल्यावर कळलं.

ते उशिरा कळलं याला कारण मीच. आणि त्या उशिराची किंमत मी एकटीनं भरली नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आमचं घर कर्जत तालुक्यात, पेज नदीच्या बाजूच्या एका गावात. भिवपुरीचं टाटांचं वीजकेंद्र 1922 साली सुरू झालं. आंध्रा धरणाचं पाणी वीज तयार करून घाटाखाली उतरतं आणि पेजेला मिळतं. त्यामुळे आजूबाजूचे ओढे फेब्रुवारीतच आटले तरी पेज मे महिन्यात वाहती असते. त्याच पाण्यावर राजनाल्याचा कालवा चालतो, उन्हाळी भात होतं, नदीकाठी भाजीचे मळे होतात. पलीकडे खालापुरात पाताळगंगेचंही तसंच, तिला खोपोलीच्या वीजकेंद्राचं पाणी. एरवी कोकणात पावसानंतर नदी म्हणजे नुसते गोटे, त्या मानानं आम्ही नशीबवान.

माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवत असे. निवृत्त झाल्यावर घरामागच्या मोकळ्या जागेत भाजी करायची ठरवली. खालच्या बाजूला बांधाला लागून शेजारच्या मावशींचा वांग्याचा मळा. मावशी माझ्यापेक्षा मोठ्या. गावातली निम्मी माणसं मला बाई म्हणतात, तशा त्याही म्हणायच्या. जूनच्या सुरुवातीला मी वाफे पाडत होते, तेव्हा त्या बांधावर येऊन म्हणाल्या, "बाई, आत्ता वेल लावा. वांगी-टमाटी दसऱ्याच्या सुमाराला. पावसात नाही टिकत ती."

मी हसून मान हलवली. घरात बियांची पाकिटं आणून ठेवली होती. त्यांवर लागवडीचा काळ छापलेला होता आणि त्यात जूनही होता. ते पाकीट घाटावरच्या शेतकऱ्यासाठीही आहे आणि माझ्यासाठीही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आमच्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. जुलैत मातीतली हवेची जागा पाणी घेतं आणि मुळं गुदमरतात. वर्गात हा धडा मी कितीतरी वेळा शिकवला होता.

डोंगर कापून आणलेली लाल माती ट्रॉलीनं टाकून घेतली होती, त्यातली बरीचशी पहिल्या मोठ्या पावसातच बांधावरून खाली गेली. टोमॅटो कुजले. गणपतीच्या आधी उघडीप मिळाली तशी रस्त्याकडेच्या एका रोपवाटिकेतून टोमॅटोची आणि वांग्याची रोपं आणून त्याच वाफ्यांत लावली. शेजारच्या वाफ्यात वांग्याचं बी टाकलं. ते मात्र उत्तम उतरलं. हातभर लांबीच्या वाफ्यात दाट, काळपट हिरवी, एकसारखी रोपं उभी राहिली. रोज सकाळी चहा घेऊन मी त्यांच्यापाशी जाऊन बसायची.

गणपतीनंतर ऊन तापायला लागलं. विकतच्या रोपांपैकी काही झाडं दुपारी माना टाकायची. पानं पिवळी पडत नव्हती, त्यांवर डाग नव्हते, किडीची खूण नव्हती. हिरवीगार पानंच लोंबायची. संध्याकाळी पुन्हा ताठ व्हायची. मला वाटलं, तहान. पाइप लावून मी पाटानं पाणी सोडलं. ते पाणी एका झाडाच्या बुडाशी थांबून पुढच्या झाडाकडे आणि तिथून रोपांच्या वाफ्याकडे जात होतं.

त्याच आठवड्यात मावशी आल्या. परतीच्या पावसाच्या एका सरीनं त्यांचा रोपांचा वाफा धुऊन नेला होता. त्या घरचंच बी ठेवायच्या, रोपं विकत घ्यायची वेळ त्यांच्यावर क्वचितच यायची. "तुमच्याकडं उरली असली तर द्या ना थोडी," त्या म्हणाल्या. कधी नव्हे ते मावशींना माझ्याकडून काही हवं होतं. उरलेली काय, मी वाफ्यातली बहुतेक रोपं मातीच्या गड्ड्यासकट उपटून पाटीत भरून दिली. मुळं दुखावू नयेत म्हणून माती मुद्दाम ठेवली. तोवर माझ्याकडची दोन झाडं संध्याकाळीही उठेनाशी झाली होती. एखाद-दुसरं झाड जायचंच, असं मनाला सांगून मी ती गोष्ट सोडून दिली.

काही दिवसांनी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. त्याचं शिक्षण शेतीचं. मेलेली झाडं बघून त्यानं एक बुडापासून कापलं, दांड्याचा वीतभर तुकडा घेतला आणि काचेचा पेला मागितला. पेल्यात स्वच्छ पाणी भरून दांड्याचं कापलेलं टोक जेमतेम पाण्याखाली जाईल असं धरलं. आम्ही ओट्यापाशी उभे होतो. थोड्याच वेळात त्या टोकातून दुधासारखा पांढरा धागा सुटला आणि सरळ खाली उतरायला लागला. मग दुसरा. पेल्याच्या तळाशी पाणी गढूळ झालं.

"बाई, मर आहे. जिवाणूची," तो म्हणाला. दांड्यातून पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत हे जिवाणू वाढतात आणि त्या तुंबवतात. मुळापाशी पाणी असूनही झाड तहानेनं मरतं. रोगाच्या जिवाणूचं नाव त्यानं सांगितलं, रालस्टोनिया. 1896 मध्ये अर्विन स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञानं त्याचं पहिलं वर्णन केलं. वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा हे एकाच कुळातले, सगळ्यांना लागतो. उष्ण हवा, भरपूर ओल आणि आमच्यासारखी आम्लधर्मी माती त्याला मानवते. मातीत तो वर्षानुवर्षं राहतो. फवारणीनं बरा होत नाही. पसरतो तो रोपांच्या मुळाला चिकटलेल्या मातीतून, कुदळ-खुरप्यातून आणि पाटाच्या पाण्यातून.

ओट्यासमोरच्या खिडकीतून खाली मावशींचा मळा दिसतो. त्या दांड मोडून पाणी फिरवत होत्या. विद्यार्थ्यानं विचारलं, "यातली रोपं कुणाला दिलीत का?" मी नाही म्हणाले.

का म्हणाले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. लाज वाटली, हे खरं. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की तोवर मावशींची झाडं ठीक दिसत होती आणि ती तशीच राहतील, अशी मला आशा होती. आपण बोललो नाही तर कदाचित काही झालेलंच नसेल, असं काहीसं डोक्यात होतं. माझी झाडं मी संध्याकाळी उपटली आणि जाळली.

दिवाळीच्या तोंडावर मावशी बांधाशी आल्या. कडेच्या ओळीतली झाडं दुपारची माना टाकत होती. "तुमची कशी आहेत?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "माझी पण गेली. ऊन फार आहे यंदा."

त्यांनी त्यावर विश्वास ठेवला आणि पाणी वाढवलं. एका ओळीच्या बुडाशी थांबून पाणी पुढच्या ओळीत गेलं, तिथून पुढे. त्या दिवशी मी खरं सांगितलं असतं तर कडेची ओळ उपटून, तिच्याकडे जाणारा दांड बंद करून मागचा मळा बराचसा वाचला असता. माझ्या रोपांनी तिथे रोग नेला हे अजाणता झालं. मळाभर तो पसरला त्याला ते वाक्य कारण झालं. तुळशीच्या लग्नापर्यंत अर्धा मळा वाळला. थंडीपासून होळीपर्यंत कर्जतच्या बाजारात वांगी विकून आलेला पैसा हा मावशींचा स्वतःचा. घरात कुणाला हिशेब न देता खर्च करता येईल असा वर्षातला तेवढाच.

शेवटी मी खाली उतरून गेले आणि पेल्यापासून सगळं सांगितलं. ऊन फार आहे म्हणाले ते खोटं होतं, हेही. त्या झाडं उपटत होत्या, उपटतच राहिल्या. मी पाकिटात पैसे घेऊन गेले होते. ते त्यांनी घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्या स्वतः आल्या आणि उंबऱ्याबाहेर उभ्या राहूनच विचारलं, "आता तिथं काय होईल ते सांगा."

विद्यार्थ्याला विचारून मी जे कळलं ते सांगितलं. वांग्याच्या कुळातलं काही वर्षं नको. पाणी भरून भात केलं तर चिखलातल्या त्या बिनहवेच्या मातीत रोगाचा जोर उतरतो, पुरता जात नाही. वाल, मुळा, भेंडी, काकडी चालेल. मावशींनी पुढच्या पावसात बांध घालून मळ्यात भात लावलं. भातामागे ओलीवर वाल टाकले. माझ्याकडून त्यांनी एकच गोष्ट मागितली, उन्हाळ्यात भेंडीला माझ्या बोअरचं पाणी. पाइप माझ्या वाफ्यांवरून न आणता वरच्या रस्त्यानं फिरवून आणायचा, असं बजावलं. तो तसाच आणला आहे.

माझ्या परसात खरी भाजी त्यानंतर आली. पावसाच्या आधी मी बांबूचा मांडव घातला. उकिरड्याचं कुजलेलं खत टाकून उंच आळी केली, त्यांत शिराळी, घोसाळी, काकडी, पडवळ लावलं. वेलाची पानं मांडवावर वारा खातात, मुळं उंचावर असतात, म्हणून तो आमच्या पावसात तग धरतो. गावातल्या प्रत्येक जुन्या घरामागे असा मांडव होता आणि मी तो लहानपणापासून बघत होते. मोरीच्या पाण्यावर अळू केलं. फळमाशी काकडी डागायला लागली तेव्हा क्यू-ल्यूरचे सापळे टांगले. कोकण कृषी विद्यापीठाचा 'कोकण दुरंगी' माठ लावला.

वाफ्यांतून मी गवत म्हणून उपटून फेकत होते त्यात टाकळा आणि कुर्डू होतं. पहिल्या पावसातली ती भाजी. वाडीवरच्या ठाकर बायका त्याच दिवसांत कर्जत स्टेशनबाहेर तिचे वाटे लावून बसतात. त्यांतल्याच एकीनं मला शेवळं रांधायला शिकवलं. घसा खवखवू नये म्हणून त्यात काकडं घालायची, हे तिच्यामुळे कळलं. आता जूनमध्ये मी वाफे मोकळे करायची घाई करत नाही. टाकळा कोवळा आहे तोवर खुडून खाते, मगच खुरपणी.

थंडीत वाल. पहाटेच्या दंवावर वाल पोसतात, पाणी फार लागत नाही. शेंगा भरल्या की मावशींच्या खळ्यात पोपटी लावतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर शेंगा, ओवा, मीठ, पुन्हा पाला, आणि भोवती जाळ. एका वर्षी मला बोलावणं नव्हतं. पुढच्या वर्षी त्यांचा नातू बोलवायला आला. मी माझ्या शेंगा घेऊन गेले आणि मावशींनी त्या मडक्यात घातल्या.

विकतच्या टोमॅटोचा तो वाफा अजून मोकळा आहे. त्यात झेंडू आणि मका असतो. टोमॅटो मी दारापुढे पिशव्यांत करते, नव्या मातीत. बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचं 'अर्का रक्षक' वाण या मरीला बऱ्यापैकी दाद देत नाही. परसातलं खुरपं दारापुढे येत नाही आणि दारापुढचं परसात जात नाही.

यंदा मावशींनी आपल्या मांडवासाठी शिराळ्याचं बी मागून नेलं. लांब, कोवळ्या धारांचं शिराळं वेलावरच वाळवून ठेवलं होतं, ते आख्खंच दिलं. रोप मात्र त्या माझ्याकडून कसलंच नेत नाहीत. मीही देत नाही.