आवाज कुठून येतो?

आमच्या घरी अब्बांची जीप आहे, म्हणजे होती. महिंद्राची, डिझेलवर चालणारी, फोर-व्हील. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोटे दांडे असलेली. अब्बा बोईसर स्टेशनवरून तारापूर एमआयडीसीत माल आणि कामगार पोहोचवत. पावसाळ्यात इतर गाड्या चिखलात रुतल्या की लोक अब्बांना बोलवायला यायचे.

जीप पुसता पुसता अब्बा आम्हाला एक गोष्ट नेहमी सांगायचे. ज्या कंपनीची ही गाडी, ती 1945 साली सुरू झाली तेव्हा तिचं नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होतं. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि तिथले पहिले अर्थमंत्री झाले. 1948 मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. अब्बांना या गोष्टीचं फार अप्रूप होतं.

अब्बांच्या इंतकालनंतर जीप दोन वर्षं दाराशी उभी राहिली. भाईजान कंपनीच्या शिफ्टमध्ये, मी शाळेत. महिन्यातून एकदा सुरू करायची, बाजारापर्यंत न्यायची आणि परत आणून लावायची. गेल्या वर्षी भाईजानच्या मुलीला कॉलेजात प्रवेश मिळाला, फी भरायची तारीख जवळ आली, तेव्हा जीप विकायची ठरली. नेमकी तेव्हाच ती आवाज करू लागली.

वेग वाढला की ‘घर्रर्र’ असा घरघराट. गाडी उभ्याची निघताना खालून एक ‘टक्’. ओट्यावर तसबीह घेऊन बसलेली अम्मी म्हणाली, “ही तुझ्या अब्बांची गाडी नाही वाजत.”

ज्याला विचारावं त्याचं निदान तयार. एक म्हणाला, “मागून आवाज येतोय, क्राऊन-पिनियन गेलं. मोठा खर्च आहे.” दुसरा म्हणाला, “गिअरबॉक्स.” एक एजंट आला, त्याने तर सोपा उपाय सांगितला. “भाईसाब, जाडं तेल भरा, त्यात थोडा लाकडाचा भुसा टाका. आठ दिवस आवाज बसतो. तेवढ्यात गाडी विकून मोकळे व्हा.”

भाईजान काही बोलला नाही. फीची तारीख त्याच्या डोक्यात होती. मला मात्र धान्याच्या ढिगाचा तो प्रसंग आठवला. हुजूर (स.) यांनी बाजारात एका ढिगात हात घातला, तर वरचं धान्य कोरडं आणि आतलं ओलं निघालं. मदरशात लहानपणी ऐकलेली गोष्ट. धान्याच्या जागी गिअरचं तेल आलं म्हणून ती बदलत नाही.

मी म्हटलं, “भाईजान, आधी आवाज कुठून येतो ते तर पाहू.”

आमच्या गल्लीत एक मिस्त्रीचाचा राहतात. नजर कमी झाल्यामुळे त्यांनी गॅरेज बंद केलंय. त्यांनी मला एकच सल्ला दिला. “बेटी, आवाज कसा आहे ते विचारू नकोस. कधी येतो, कधी थांबतो, ते लिहून आण.”

हे माझ्या ओळखीचं काम होतं. वर्गात एखादं मूल चुकत असेल तर ते नेमकं कुठे अडतं, हे आम्ही वहीत टिपतोच. रविवारी फज्रनंतर भाईजान चालवायला बसला, मी बाजूला वही घेऊन, चाचा मागे. चिंचणीकडच्या मोकळ्या सपाट रस्त्यावर आम्ही एकेक गोष्ट तपासली.

पहिली गोष्ट: एकाच वेगात, ताशी 40 ला, आधी तिसरा गिअर आणि मग चौथा. इंजिनाचा सूर बदलला, घरघराट तसाच राहिला. म्हणजे आवाज इंजिनाचा नाही, गिअरबॉक्सचाही बहुधा नाही. तो चाकांच्या फिरण्याशी बांधलेला आहे.

दुसरी: अॅक्सिलरेटर दाबला, मग सोडला. क्राऊन-पिनियन झिजलं असेल तर ओढताना आणि सोडताना त्याचा सूर बहुधा बदलतो. आमचा बदलला नाही.

तिसरी: डांबरावरून गाडी मातीच्या कडेवर घेतली. टायरचा आवाज असता तर रस्ता बदलताच तोही बदलला असता. तो होता तसाच राहिला.

चौथी: मोकळ्या जागी हळूच उजवीकडे वळवली. घरघराट वाढला. डावीकडे वळवली, तो जवळजवळ थांबला. चाचांनी मागून माझ्या खांद्यावर बोट टेकवलं. “उजवीकडे वळताना वजन कुठल्या चाकांवर पडतं?” डाव्या. आवाज मागून येतोय असं सगळे म्हणत होते. पण लोखंडी चासी आवाज कुठूनही कुठेही नेते, आणि उघड्या जीपमध्ये तर कान फसतातच.

थांबल्यावर पुढच्या दोन्ही चाकांच्या हबजवळ हात नेला. डावं उजव्यापेक्षा जास्त तापलं होतं. ब्रेक अडकला तरी चाक तापतं, म्हणून एवढ्यावर निकाल द्यायचा नव्हता. घरी येऊन मागच्या चाकांना दगड लावले, पुढचं डावं चाक जॅकवर उचललं, खाली ठोकळा दिला. हाताने फिरवलं तर ते मोकळं फिरलं, म्हणजे ब्रेक अडकलेला नव्हता. पण आत वाळू असल्यासारखं खरखरलं. वरून आणि खालून धरून हलवलं तर चाक डुगडुगलं. चाचा म्हणाले, “आता ब्रेक दाबून धर.” भाईजानने दाबला. डुगडुग थांबली. ब्रेक दाबूनही चाक हललं असतं, तर दोष किंगपिनकडे पाहावा लागला असता. थांबलं, म्हणजे चाकाचं बेअरिंग.

‘टक्’ आवाजाचं मूळ तर समोरच होतं. मागच्या शाफ्टला दोन्ही हातांनी पीळ दिला, तेव्हा क्रॉसमध्ये खेळ जाणवला आणि त्याच्या टोप्यांभोवती लाल गंजाची पूड दिसली. अब्बा दर महिन्याला ग्रीस गन घेऊन गाडीखाली शिरायचे. दोन वर्षांत आमच्यापैकी कोणीच शिरलं नव्हतं. दोन पावसाळे आणि समुद्राची खारी हवा खात ती उभी राहिली, ग्रीस सुकलं, बेअरिंगला गंज चढला. गाडीने दगा दिला नव्हता, आम्ही तिला विसरलो होतो.

बेअरिंग आणि क्रॉस बदलायला क्राऊन-पिनियनच्या मानाने फारच थोडा खर्च आला. घरघर गेली, टक् गेली. भाईजान खूश झाला. विक्रमगडकडचा एक तरुण गाडी बघायला येणार होता. तो भाजी आणि बाजारची माणसं घेऊन जव्हारच्या घाटात येणं-जाणं करणार होता.

तो येण्याआधी चाचा म्हणाले, “एकदा घाटात नेऊन आणा.” आम्ही पालघरहून मनोरच्या रस्त्याला वाघोबा घाटात गेलो. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये भाईजानने पाय उचलला आणि दांडा आपोआप उडून न्यूट्रलमध्ये आला. गाडी मोकळी सुटली. त्याने ब्रेक मारून सावरली. पुन्हा पाहिलं, पुन्हा तसंच. गिअरबॉक्सच्या आत झीज होती, आणि तिचा काहीच आवाज नव्हता.

परत येताना दोघंही गप्प होतो. हे सपाट रस्त्यावर कुणाला कळलं नसतं. गाडी बघायला येणारा माणूस बोईसरच्या बाजारातच एक चक्कर मारणार. सांगितलं तर किंमत खाली येणार, आणि फीला चार दिवस उरलेले. घरी अम्मीला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “त्याच्या गाडीत पण कुणाची तरी लेकरं बसतील.”

भाईजान उठून ओट्यावर गेला. तो तरुण आला तेव्हा मी वही काढायच्या आधी तोच बोलला. “दुसरा गिअर उतारावर उडतो. गिअरबॉक्स उघडल्याशिवाय घाटात नेऊ नका.” मी वही पुढे केली. त्याने ती नीट वाचली, मला विचारलं, “ताई, हे सगळं तुम्हीच लिहिलं?” मग गिअरबॉक्सच्या कामाचे पैसे वजा करून भाव सांगितला. आम्ही कबूल केला. फीला जे कमी पडलं, ते मी भिशीतून दिलं. भाईजान अजून थोडे थोडे परत करतोय. मी नको म्हटलं, तर ऐकत नाही.

घरात जुनी गाडी असेल तर एवढं करा. आवाज आला की लगेच कुणाचं निदान मानू नका. कुठल्या वेगात, कुठल्या गिअरमध्ये, वळताना की सरळ, ओढताना की सोडताना, हे आठ दिवस लिहा. मिस्त्रीकडे ती वही घेऊन जा. आणि गाडी विकणार असाल तर उतारावरही एकदा नेऊन पाहा, कारण प्रत्येक दोष आवाज करत नाही.

वही तो तरुण घेऊन गेला. गिअरबॉक्स उघडून काम झाल्याचा त्याचा फोन आला, तेव्हा अम्मीने आधी शुक्र अदा केला आणि मग विचारलं, “ग्रीस घालतो का रे तो?”