भिंतीवरचा खिळा

साताऱ्याच्या एका जुन्या पेठेत ज्या खोलीत बसून मी गेली तीस वर्षे समुपदेशनाचा व्यवसाय करीत आले, ती माझ्यापूर्वी एका वकिलांच्या कब्जात होती. आणि जागा सोडताना त्यांनी कायद्याची पुस्तके, अशिलांचे बाक व दत्ताची मोठी तसबीर असे सारे सामान नेले, तरी तसबिरीचा खिळा आणि तिच्यामागचा भिंतीचा न विटलेला चौकोन तेवढे मागे राहिले. पहिल्या दिवाळीला रंगाऱ्याने चौकोन बुजविला. खिळा काढावयाचे तो विसरला, आणि पुढे मलाही तो काढावासा वाटला नाही. समोरच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचे बोलणे जेव्हा एखाद्या अवघड वळणावर अडखळते, तेव्हा त्याची नजर माझ्यावरून उठते आणि बहुधा त्या खिळ्यावर जाऊन टेकते. काहींनी तिथे गणपती लावण्याचा आग्रह केला, एकदा एका मौलवींच्या पत्नीने तिथे काहीच नसल्याबद्दल समाधान व्यक्त केले, आणि माझ्या एका बुद्धिवादी स्नेह्याने तो खिळा ताबडतोब उपटून टाकावा असा सल्ला दिला. ह्या तिघांचेही मी ऐकले नाही. का ऐकले नाही, त्याची ही कैफियत.

माझे शिक्षण झाले त्या काळी ह्या खिळ्याविषयी कोणी काही शिकवीत नसे. पहिल्या भेटीत भरून घ्यावयाच्या टिपणात झोप, भूक, वजन, व्यसन, घराण्यातील आजार ह्यांना ऐसपैस रकाने असत. धर्मालाही एक रकाना असे, पण तो जन्मतारखेसारखा, दफ्तराच्या सोयीपुरता. त्या शब्दाच्या आत तो मनुष्य कसा नांदतो, तिथे त्याचे कोणाशी पटते आणि कोणाशी बिनसले आहे, हे विचारणे शास्त्राला सोडून समजले जाई. ह्या संकोचाची वंशावळ मात्र बड्या घराण्याची आहे. फ्रॉइडने १९२७ साली धर्माचा एक भ्रम म्हणून निकाल लावणारे पुस्तक लिहिले, आणि त्याला ‘एका भ्रमाचे भवितव्य’ अशा अर्थाचे नाव दिले. पुढच्याच वर्षी झुरिकचे धर्मोपदेशक ऑस्कर फिस्टर, जे स्वतः मनोविश्लेषण करीत आणि फ्रॉइडचे जुने स्नेही होते, त्यांनी ते नावच उलटे फिरवून ‘एका भवितव्याचा भ्रम’ अशा मथळ्याचे जाहीर उत्तर छापले. आणि एवढे होऊनही दोघांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला. आमच्या अभ्यासक्रमात फ्रॉइडचा ग्रंथ होता. फिस्टरचे उत्तर नव्हते, आणि स्नेह टिकल्याची गोष्ट तर कोणी सांगितलीच नाही.

ह्या अपुऱ्या शिदोरीवर मी व्यवसायाला बसले, आणि पहिल्या दोन-तीन वर्षांतच मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ माझ्याकडे आले. (त्यांची ओळख पटू नये इतपत तपशील मी बदलले आहेत, इतरांचेही.) तरणा मुलगा गेला होता, पहाटे तीनला जाग येई ती पुन्हा डोळा लागत नसे, अन्नावरची वासना उडाली होती. गळ्यात तुळशीची माळ होती, परंतु देव्हाऱ्यावर त्यांनी पडदा ओढून घेतला होता, आणि चाळीस वर्षांचा हरिपाठ बंद होता. ही शेवटची गोष्ट त्यांच्या सुनेने सांगितली, मी टिपून घेतली, आणि ‘आवडीच्या गोष्टींतील रस कमी होणे’ ह्या रकान्यात, पत्ते खेळणे सुटल्याच्या नोंदीशेजारी, तिला जागा दिली. तिसऱ्या बैठकीच्या अखेरीस ते काठी घेऊन उठले आणि दाराशी थांबून म्हणाले, “बाई, तुम्ही माझी झोप मोजलीत, जेवण मोजलंत. पण माझं भांडण कोणाशी आहे, ते काही विचारलं नाहीत.”

मी त्यांना परत बसविले आणि विचारले. त्यांनी खिळ्याकडे पाहिले. त्या आषाढात ज्ञानोबांची पालखी लोणंद सोडून तरडगावच्या मुक्कामी आली असता मुलगा गेल्याचा निरोप त्यांना दिंडीत मिळाला होता. “मी त्याच्या दारी चाललो होतो,” ते म्हणाले, “आणि त्या वेळी तो माझ्या दारी नव्हता.”

अशा क्षणी समुपदेशकाच्या जिभेवर दोन तयार उत्तरे येऊन उभी राहतात. देवाच्या मनात असते तेच होते, हे पहिले; आणि हा राग खरे पाहता आपला आपल्यावरच आहे, हे दुसरे. पहिले कीर्तनकाराचे, दुसरे पाठ्यपुस्तकाचे. आणि ज्याचे भांडण आहे त्याला बोलू न देता प्रकरण परस्पर निकाली काढणे, हा दोहोंचा समान दोष. मला त्या दिवशी कोणी वाचविले असेल तर ते लहानपणी कानांवरून गेलेल्या जनाबाईने, जिने विठ्ठलाला उघड शिव्या दिल्या आणि जिला ह्या महाराष्ट्राने त्याबद्दल पाखंडी न म्हणता संत म्हटले. ज्या परंपरेत देवाशी भांडणे हा नात्याचाच एक प्रकार मानला जातो, त्या परंपरेतल्या माणसाच्या अबोल्याला मी पत्त्यांच्या डावाशेजारी बसविले होते. मी एवढेच विचारले, “हे त्याला सांगितलंत का?”

“सांगणार कसं? बोलणं बंद आहे.” मग थोडा विचार करून, जणू टेबलापलीकडच्या एखाद्या खातेदाराला समजावीत असावे तसे, ते म्हणाले, “बोलणं बंद असलं म्हणजे लेखी द्यायचं असतं.”

ही युक्ती त्यांची. पुढे मी ती अनेकांच्या उपयोगी आणली, तरी तिचे श्रेय मला नाही. पुढच्या बैठकीला त्यांनी फुलस्केप कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलेली फिर्याद आणली. वादी ते स्वतः. प्रतिवादी पांडुरंग, मुक्काम पंढरपूर. खाली अनुक्रमाने कलमे, किती वाऱ्या केल्या, किती एकादश्या धरल्या, कोणत्या साली कोणता नवस फेडला, सारे तारीखवार. त्यांनी ती मला वाचून दाखविली. सहा कलमांपर्यंत आवाज कचेरीतला होता. सातवे कलम असे होते की, वारीला निघण्याच्या सकाळी मुलगा छातीत जळजळते म्हणाला होता, आणि वादीने त्याला ओवा खायला सांगून पिशवी उचलली. तिथे वाचन थांबले. पाठ्यपुस्तकाचे म्हणणे, म्हणजे राग स्वतःवरचाच असतो हे, अखेर खरे ठरले होते. पण ते मी त्यांच्यावर लादले असते तर तो आरोप झाला असता, आणि त्यांनी आपल्या हाताने, आपल्या देवासमोर, सातव्या क्रमांकावर लिहिले म्हणून तो कबुलीजबाब झाला. सर्वांत शेवटी ‘मागणे’ असा मथळा होता, आणि त्याखालची जागा कोरी होती.

श्रद्धेचा समुपदेशनात कसा उपयोग करावा, असे नवे विद्यार्थी मला विचारतात, तेव्हा ‘उपयोग’ ह्या शब्दालाच मी अडते. श्रद्धा ही येणाऱ्याच्या मालकीची मिळकत आहे. तिच्यात किती जमीन पिकाऊ, किती खडकाळ आणि कुठे वाद चालू, हे त्याच्याबरोबर बांधाबांधाने हिंडून पाहावे. तिच्यात आपले बी पेरू नये. म्हणून पहिल्या-दुसऱ्या भेटीत मी आता सरळ विचारते: फार कठीण वेळ येते तेव्हा कोणाला हाक मारता? पूर्वी मारीत होता आणि आता मारीत नाही, असे कोणी आहे का? कोणी देव सांगतो, कोणी मेलेली आजी, कोणी बाबासाहेबांचे नाव घेतो, कोणी म्हणतो कोणालाच नाही; आणि ‘कोणालाच नाही’ हेही उत्तर इतरांच्याच इतमामाने लिहून घ्यावे लागते. आमच्या परिसंवादांत अर्जुन हा पहिला रुग्ण व श्रीकृष्ण हा आद्य समुपदेशक असल्याचे वक्ते हटकून सांगतात आणि लगेच दुसऱ्या अध्यायाकडे वळतात. पहिला अध्याय मात्र कोणी थांबून वाचीत नाही. त्याचे नावच मुळी अर्जुनाच्या विषादावरून पडले आहे, आणि त्यात श्रीकृष्णाच्या वाट्याला अर्ध्या श्लोकाएवढेही बोलणे आलेले नाही. समोरचे पाहा, इतकेच तो म्हणतो आणि मग ऐकत राहतो.

ह्या मर्यादेची खरी कसोटी मला एका जट आलेल्या बाईंनी शिकविली. दुष्काळी पट्ट्यातले गाव, वय चाळिशीच्या आतले. डोक्यावर मनगटाएवढी जट, मान सतत दुखे, आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनी नैराश्याची शंका घेऊन त्यांना माझ्याकडे पाठविलेले. जट म्हणजे न विंचरलेल्या केसांत मळ व तेल धरून झालेला गुंता, हे मला ठाऊक होते. त्यांच्या लेखी ती सौंदत्तीच्या यल्लम्मेची खूण होती. नवरा मला बाजूला घेऊन म्हणाला, “ताई, तुम्हीच सांगून टाका, देवी सपनात आली आन् कापायला परवानगी दिली म्हून. एका दिसात काम हुईल.” होईलही, असे मला क्षणभर वाटले. परंतु ते वाक्य उच्चारताच मी देवऋषीण झाले असते, आणि उद्या दुसऱ्या कोणी देवीचा उलटा कौल आणला असता तर माझ्यापाशी उत्तर उरले नसते.

मी नकार दिला, आणि बाईंना विचारीत बसले: जट आल्यापासून काय काय बदलले? चौथ्या की पाचव्या बैठकीला त्या हळूच म्हणाल्या की, जट आल्यापासून नवऱ्याचा हात उठला नव्हता. देवीच्या माणसावर हात कोण टाकणार? ती जट म्हणजे त्यांची सनद होती, आणि आम्ही सारे विज्ञानाच्या नावाने ती जप्त करावयास निघालो होतो. मग काम उलट्या टोकाने सुरू झाले: नवऱ्याच्या दारूपासून आणि हातापासून, सासूच्या समजुतीपासून, माहेरच्या एका भावाला मध्ये घालण्यापासून. वर्षाच्या आत बाईंनी आपल्या मनाने अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांकडून जट काढून घेतली, आणि ओटी घेऊन सौंदत्तीला जाऊन आल्या. देवी त्यांच्यापाशी राहिली. मानेवरचे ओझे गेले. मी ते खोटे बोलले असते, तर सनदेची गोष्ट मला कधीच कळली नसती.

इतके लिहिल्यावर दुसरी बाजू न लिहिणे हा अपराध होईल. कानांत आवाज येणारा तरुण देवाचे बोलणे ऐकतो असे घरच्यांनी ठरवून त्याला वर्षानुवर्षे स्थानांवर फिरविल्याची, आणि औषधाने सावरला असता तो मुलगा हातचा गेल्याची उदाहरणे माझ्या दफ्तरात आहेत. तमिळनाडूत एरवाडी येथे, दर्ग्याच्या परिसरातील एका खाजगी आश्रयगृहाला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण जागच्या जागी जळाले. भूत उतरविण्याच्या मिषाने माणसाला बांधणे व मारणे हा आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि मनोरुग्णाला कोणत्याही स्वरूपात साखळीने बांधण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाई आहे. तिथे माझी तडजोड नाही. मात्र भगताकडे जाऊच नका असे मी कोणाला सांगत नाही. गोळी चुकवू नका असे सांगते, आणि अंगारा गोळीच्या आड येत नसेल तर अंगाऱ्यावर वाद घालीत नाही. गुजरातेत उनावा येथील मीरा दातारच्या दर्ग्यात मुजावरांच्या सहकार्याने मानसोपचारतज्ज्ञ दर्ग्याच्या आवारातच रुग्ण तपासू लागले, आणि त्या उपक्रमाचे नाव ‘दवा आणि दुआ’ असे पडले. मला त्या नावातला ‘आणि’ फार मोलाचा वाटतो.

“बाई, तुम्ही देव मानता का?” हा प्रश्न वर्षाला दहा-पाच वेळा तरी येतो. सुरुवातीला मी तो चतुराईने परतवून लावीत असे; आता सांगते की, माझी आई रोज बाळकृष्णाला न्हाऊ घालीत असे, मी घालीत नाही, आणि मला त्याचा ना अभिमान आहे ना खंत. जागतिक मानसोपचार संघटनेने २०१६ साली ह्या विषयावर जे निवेदन काढले, त्यात चिकित्सकाने आपल्या पदाचा वापर धार्मिक मताच्या प्रचारासाठी करू नये, तसाच तो धर्मनिरपेक्ष मताच्या प्रचारासाठीही करू नये, असे म्हटले आहे. ह्यातला दुसरा भाग आम्हा शिकलेल्यांना अधिक जड जातो. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी एक शेअरदलाल आणि एक शल्यचिकित्सक, दोघेही मद्याने बुडालेले, एकत्र आले आणि त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची चळवळ उभी राहिली. तिच्या बारा पायऱ्यांत देवाचा उल्लेख आहे, पण तो ज्याला जसा उमगला तसा, अशी सवलत ठेवून. भिंतीवर खिळा ठोकावा आणि तसबीर ज्याची त्याने आणावी, हीच ती सवलत.

त्या अव्वल कारकुनांची फिर्याद कित्येक आठवडे मागण्यावाचून राहिली. मुलगा परत मिळणार नाही हे त्यांना कळत होते, नुकसानभरपाई हा शब्द त्यांना अश्लाघ्य वाटे, आणि क्षमा कोणी कोणाला करावयाची ह्याचा निवाडा होत नव्हता. झोप हळूहळू परत आली होती. त्या कोऱ्या जागेविषयी मी कधी विचारले नाही. कार्तिकी जवळ आली असता एक दिवस ते आले, कागद उलगडून माझ्यापुढे ठेवला, आणि मी वाचीत असताना खिडकीबाहेर पाहत राहिले. मागण्याच्या मथळ्याखाली त्यांनी एकच ओळ लिहिली होती: हा दावा निकालात काढू नये, चालू ठेवावा.

मी कारण विचारले. कचेरीत चाळीस वर्षे काढलेला माणूस नवख्या उमेदवाराला जितक्या सबुरीने सांगेल, तितक्या सबुरीने ते म्हणाले, “दावा चालू असला, की दोन्ही पक्षांना तारखेला हजर राहावं लागतं.”

मग कागदाची घडी घालून त्यांनी तो खिशात ठेवला आणि कार्तिकीला पंढरपूरला निघून गेले. त्याची नक्कल माझ्या दफ्तरी नाही. मीच ती मागितली नाही.